कूलरचा आवाज आणि उन्हाळ्यातली झोप

“डॉक्टरसाहेब, कूलरच्या घरघरीने झोप येत नाही. बंद करून झोपलो तर चालेल का?” एप्रिल-मे महिन्यांत राजुऱ्यात हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. विशेषतः वयस्कर मंडळी आणि सास्तीच्या कोळसा खाणीत रात्रपाळी करून दुपारी झोपणारे कामगार. पारा ४५ अंशांवर असताना माझे उत्तर एकच असते: कूलर बंद करू नका, त्याचा आवाज कमी करा.

गाढ झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. रक्त ही उष्णता त्वचेपर्यंत आणते आणि घाम वाळताना ती बाहेर पडते. खोली तापलेली आणि हवा कोंडलेली असेल तर हे जमत नाही. हृदयाला जास्त काम पडते, अंगातले पाणी कमी होते. हृदयविकाराचे रुग्ण आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना याचा धोका अधिक.

आवाजाची तक्रारही खोटी नाही. झोपण्याच्या खोलीत सतत येणारा आवाज ३० डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फुल स्पीडवरचा कूलर त्याच्या बराच पुढे जातो. मात्र एकसुरी घरघरीची बऱ्याच जणांना सवय होते. मध्येच सुरू होणारा खडखडाट जास्त झोपमोड करतो.

मी रुग्णांना हे सांगतो:

• कूलरसमोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवा. दमट हवा बाहेर गेली की घाम वाळतो आणि कमी स्पीडवरही गार वाटते.
• ताट्या पूर्ण भिजतात का पाहा. वाळा जुना झाला असेल तर बदला.
• पात्यांवरची धूळ पुसा, ढिले स्क्रू आवळा, पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवा. खडखड बरीच कमी होते.
• झोपण्यापूर्वी टाकी भरा. कोरडा पंप आवाज करतो आणि जळतोही.
• टाकीत पाणी भरताना किंवा दुरुस्ती करताना प्लग काढा. अर्थिंग तपासून घ्या.
• आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास होतील.

माझ्या घरचा कूलर रात्री एक नंबरवरच चालतो, समोरची खिडकी उघडी असते. तेवढे पुरते.

उन्हाळ्यात कुणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापलेले आहे आणि शुद्ध हरपते आहे असे दिसले, तर ओल्या कापडाने अंग पुसत, वारा घालत लगेच १०८ ला फोन करा.