आणे गेले, आणेवारी राहिली

रिद्धपूर, ता. मोर्शी,
जि. अमरावती

प्रिय मित्रा,


तुझ्या लेकीला मँचेस्टरच्या शाळेत पैसा आणि कामधंद्यावरचे इंग्रजी वाक्प्रचार पाठ करायला दिलेत, आणि ‘आपल्याकडे असं काय आहे?’ म्हणून ती तुझ्या मागं लागलीय, हे वाचून फार बरं वाटलं. पोरीनं विचारलं म्हणजे सांगायलाच पाहिजे.

तिच्या यादीत पेनीपुरता शहाणा आणि पौंडाला वेडा असा एक माणूस आहे. तिला म्हणावं, आपला माणूस चार आण्याची कोंबडी आणतो अन् तिला बारा आण्याचा मसाला घालतो. बेरीज करायला लाव, बरोबर सोळा आणे म्हणजे बंदा रुपया होतो. मीठ दोन्हीकडं आहे. साहेबाचा नोकर आपल्या मिठाची किंमत भरून देतो, आपला खाल्ल्या मिठाला जागतो. तिकडं कामाचा हिशेब, इकडं इमानाचा. मला दोन्ही आवडतात.

आता नाण्यांचं. तिकडं १९७१ पर्यंत पौंडाचे २४० पेन्स होते. आपल्याकडं १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, तोवर रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. पै कधीच गेली, पण माणसं अजून पै पै जोडतात. चार आण्याचं नाणंसुद्धा ३० जून २०११ नंतर चालेनासं झालं. आणा मात्र आपल्या वऱ्हाडात आजही कामावर आहे, आणि हे तिला नीट समजावून सांग.

खरिपाचं पीक किती झालं हे सरकार गावागावांत कापणी करून ठरवतं. त्याला सरकारी कागदावर पैसेवारी म्हणतात, पण पारावर कोणी तसं म्हणत नाही. ‘आवंदा आणेवारी किती निंगाली?’ हाच प्रश्न. ती पन्नास पैशांच्या, म्हणजे निम्म्या पिकाच्या, आत आली तर टंचाईच्या सवलती मिळू शकतात. शेतसाऱ्यात सूट, कर्जाची फेररचना, कृषिपंपाच्या बिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. वर गेली की काही नाही. ज्याच्या शेतात सोयाबीन जागेवर सडलं, त्यालाही गावाच्या सरासरीनंच मोजलं जातं. केव्हाच मोडीत निघालेल्या नाण्याच्या नावावर माणसाचं पुढचं वर्ष अडकलेलं असतं. एवढा कामाचा शब्द मला तरी दुसरा माहीत नाही.

‘पैसे काय झाडाला लागतात?’ हे वाक्य दोन्ही भाषांत आहे. मोर्शी-वरूडकडं मात्र ते दबकत म्हणावं लागतं, कारण इथं संत्रा आहे. फळ हिरवं असतानाच व्यापारी बागेत फिरतो, झाडं डोळ्यांनी मोजतो, इसार देतो आणि अख्खी बाग सौद्यात जाते. मग फळगळ झाली, गारपीट झाली, की तोच भाव पाडतो, नाहीतर इसार सोडून निघून जातो. झाडाला लागलेला पैसा हातात येईपर्यंत शेतकरी आभाळाकडं बघत असतो.

कापसाचा पैसाही असाच दुसऱ्याच्या हातात. तुझ्या मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकेतल्या यादवीत अडल्या तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. वेचणाऱ्या बाईला मात्र आजही किलोवरच मजुरी मिळते. परवा एका वावरात काटा लावला होता. गाठोडं हुकाला अडकवताना काटा धरणाऱ्याला एक म्हातारी म्हणाली, ‘सिद्धा धर ना बाप्पा, माह्या घामाचं वजन हाय थे.’ हातावर पोट असलेल्या माणसाच्या तोंडून असं बोलणं दिवसभर निघत असतं आणि संध्याकाळी विरून जातं. दाते-कर्व्यांनी १९४० च्या दशकात वाक्संप्रदायांचा केवढा मोठा कोश केला! तरी काट्यापाशी, अडत्याच्या ओट्यावर, चुकाऱ्याची वाट बघत बसलेल्यांत जे बोललं जातं, ते अजून पुष्कळ बाहेरच आहे.

आणि ते गोळा करायला रिद्धपुरासारखी जागा नाही. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र इथंच सिद्ध केलं, तेराव्या शतकात. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्या प्रत्येकाला गाठून, विचारून, पडताळून. त्या काळच्या ग्रंथांत दाम आणि आसू ही नाणी बोलण्याच्या ओघात येतात, आणि ‘दाम करी काम’ तर आपण अजून म्हणतो. आता गावात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. तिथल्या पोरांनी वही घेऊन वावरात जावं, बाजार समितीत बसावं, असं मी भेटेल त्याला सांगतो. शब्द बोलणाऱ्याचं गाव, त्याचं काम, तो कशावरून बोलला, सगळं लिहून घ्यावं.

तूही एक कर. तुझ्या आईनं उभा जन्म निंदण-वेचणीत काढला. रविवारी फोनवर तिला बोलतं कर, लेकीला जवळ बसव आणि तिच्याकडूनच लिहून घे. आजी जसं बोलते तसंच लिहायचं, शाळेच्या मराठीत सुधारायचं नाही. मृग बहाराची फळं तोडायच्या आत वही इकडं धाड.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच