नव्या छंदाचं खोकं उघडताना

आज कुठल्याही आजाराबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. पण डॉक्टरचं लिखाण फिरून फिरून दवाखान्यातच येतं, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

गेल्या पावसाळ्यात मी स्वतःसाठी दोन वस्तू मागवल्या. एक हातात मावणारा शॉर्टवेव्ह रेडिओ, आणि दुसरा ‘तिकीट टू राइड’ नावाचा पटावरचा खेळ. रंगीत पत्ते जमवायचे आणि नकाशावरची गावं रेल्वेमार्गाने जोडायची, असा तो खेळ. सौभाग्यवती म्हणाल्या, “कॅमेरा आणि बासरी कपाटात आहेतच, त्यांना सोबत झाली!” टोमणा खरा होता.

मागवण्यातला आनंद

पार्सल कुठवर आलं हे मी दोन पेशंटच्या मध्ये मोबाइलवर पाहत होतो. तुम्हीही पाहता ना? यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. ते केवळ ‘आनंदाचं रसायन’ नाही. काहीतरी चांगलं मिळणार आहे, या अपेक्षेशी त्याचं जवळचं नातं आहे. म्हणून वस्तू हातात येण्याआधीचे चार दिवस जास्त गोड वाटतात. वस्तू आली, की मेंदू तिला लवकर सरावतो आणि नजर पुढच्या वस्तूकडे जाते.

माझंही तसंच झालं. रेडिओ आठवडाभर वाजला आणि खेळाचं खोकं चार महिने कपाटावर राहिलं. नियमांची पुस्तिका वाचायलाच वेळ नव्हता. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

रात्रीचा रेडिओ

एका रात्री झोप येईना म्हणून रेडिओ पुन्हा काढला. खोलीतला एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर बंद केला, कारण या दोन्हींमुळे रेडिओत खरखर वाढते. मग खिडकीपाशी बसून हळूहळू काटा फिरवू लागलो.

शॉर्टवेव्ह म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी. त्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परत जमिनीकडे वळतात आणि हजारो किलोमीटरवर पोहोचतात. दिवसा या थराचा खालचा पट्टा कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. रात्री तो पट्टा विरतो, म्हणून त्याच केंद्रांचा आवाज रात्री लांबवर ऐकू येतो. मला त्या रात्री एक चिनी गाणं लागलं, मग कुठल्यातरी अरबी केंद्रावरचं बोलणं. अर्थ काही कळला नाही, पण अर्ध्या तासात एकदाही मोबाइल हातात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, तर तिचे डोळे चमकले. ती ७६ वर्षांची आहे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आईच्या लहानपणी बुधवारी रात्री आठ वाजता शेजाऱ्यांच्या ओसरीवर सगळी गल्ली ती ऐकायला जमायची. मी तिला रेडिओ लावून दिला. दोन मिनिटं ऐकून ती म्हणाली, “आवाज येतोय, पण शब्द लागत नाहीत. मशीन चांगलं नाही हे.” एका हिंदी केंद्राच्या बातम्या चालू होत्या आणि मला त्या नीट समजत होत्या. तरी मी खरखरीला दोष दिला आणि विषय सोडला.

खोकं उघडलं

“ते वर ठेवलेलं खोकं कधी उघडणार?” हेही आईनंच विचारलं. एका रविवारी दुपारी आम्ही चौघं बसलो. नियम दहा मिनिटांत समजले. चार महिने मी उगाच बाऊ केला होता.

आई खेळात पक्की निघाली. कुणी कुठला रंग उचलला, हे तिच्या बरोबर लक्षात राहत होतं. पण मुलगी खाली पाहून बोलली, की आई प्रत्येक वेळी “काय म्हणालीस?” विचारायची. मुलगी तोंड वर करून बोलली, की तिला लगेच कळायचं. दोन तासांत हे दहा-बारा वेळा तरी झालं असेल. मग मला रेडिओ आठवला. आवाज येतोय, पण शब्द लागत नाहीत! वयानुसार येणाऱ्या बहिरेपणाचं हे अगदी ठरलेलं लक्षण. यात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजनं निसटतात, आणि माणूस बोललेलं ऐकतो पण समजत नाही.

मी रोज पेशंटना हे समजावतो. एकाच घरात राहून आईचं मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती हल्ली गप्प असते, याचं कारण मी वय धरून चाललो होतो. कानातला मळ नाही याची खात्री करून ऑडिओमेट्री केली. दोन्ही कानांत मध्यम स्वरूपाचा दोष निघाला. आता ती श्रवणयंत्र वापरते. सवय व्हायला काही आठवडे गेले आणि कुरकुरही भरपूर झाली.

हे महत्त्वाचं का? उतारवयातलं दुर्लक्षित बहिरेपण हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण उपाय करता येणाऱ्या घटकांपैकी एक मानला जातो. खेळांबद्दलही सांगतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ७५ वर्षांवरील ४६९ जणांची पाहणी होती. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. खेळामुळेच तो टळला, असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांची बुद्धी शाबूत, तेच जास्त खेळत असतील, हेही शक्य आहे. पण घरच्यांसोबत दोन तास हसत घालवायला याहून मोठं कारण कशाला हवं?

खरेदी हेच लक्षण असेल तर

घरातला माणूस अचानक झोप कमी करून, उत्साहाच्या भरात खूप खर्च करू लागला, तर तो मनोविकाराचा भाग असू शकतो. पार्किन्सनच्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनीही काहींना खरेदीचा किंवा जुगाराचा अनावर नाद लागतो. अशा वेळी रागावू नका, औषध स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा.

माझ्यापुरते नियम

१. आधीची वस्तू महिनाभर वापरल्याशिवाय नवीन मागवायची नाही.
२. वस्तूसोबत तिची वेळ ठरवायची. आमचा खेळ रविवारी दुपारी चार वाजता.
३. रेडिओ रात्री अर्धाच तास. इअरफोन लावला तर आवाज कमी.
४. साठीनंतर टीव्हीचा आवाज वाढू लागला किंवा “काय म्हणालास?” वाढलं, तर कान तपासायचे. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं.

तुमच्याही कपाटावर न उघडलेलं एखादं खोकं असेल. नसेल, तर जुना कॅरम किंवा सापशिडीचा पट चालेल. या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन बसा, आणि खेळताना ते कसं ऐकतात, कसं पाहतात, हात कसा चालतो, याकडे थोडं लक्ष द्या. आमच्याकडे गेल्या रविवारी आई जिंकली. आता बासरीचं काय, असं तिनं मला विचारलं आहे.