जहाजाच्या पोटातली पिंपे



वार्तापत्राच्या या पानावर मुख्याध्यापकांनी निकालाविषयी लिहावे अशी आपली प्रथा आहे. निकाल याच अंकात इतरत्र दिला आहे. तो चांगला लागला आहे आणि त्याचे श्रेय मुलांचे व शिक्षकांचे आहे. आम्ही मात्र आज एका जुन्या, काहीशा विचित्र इंग्रजी चित्रपटाविषयी लिहिणार आहोत. शाळेच्या वार्तापत्रात राक्षसी खेकड्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण त्या खेकड्याच्या निमित्ताने आमच्या हातून राहून गेलेले एक काम पूर्ण झाले. त्याचे ऋण मान्य करणे आम्हांला भाग आहे.

चित्रपटाचे नाव 'द लॉस्ट कॉन्टिनेंट', म्हणजे हरवलेला खंड. इंग्लंडच्या हॅमर कंपनीने तो १९६८ साली काढला. 'फ्रँकेन्स्टाइन' आणि 'ड्रॅक्युला' या भयपटांसाठी प्रसिद्ध असलेली हीच ती कंपनी. डेनिस व्हीटली या लेखकाच्या १९३८ सालच्या 'अनचार्टेड सीज' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. दिग्दर्शक मायकेल कॅरेरास. बोटीच्या कप्तानाचे काम एरिक पोर्टर या ताकदीच्या नटाने केले आहे.

सुरुवातच अशी आहे की माणूस जागच्या जागी बसतो. एका बोटीच्या डेकवर अंत्यविधी चालू आहे. जमलेल्यांपैकी काहींच्या अंगावर आजकालचे कपडे आहेत, तर काहींच्या अंगावर चारशे वर्षांपूर्वीचे. कप्तान प्रार्थना वाचता वाचता मध्येच थांबतो आणि आपण सगळे इथे आलो तरी कसे, असे स्वतःलाच विचारतो. मग गोष्ट मागे जाते. हा अंत्यविधी कोणाचा, ते शेवटी कळते. ते आम्ही सांगणार नाही.

'कोरिटा' नावाची एक जुनाट मालवाहू बोट आफ्रिकेतल्या फ्रीटाउनहून दक्षिण अमेरिकेतल्या काराकासला निघाली आहे. ती जकात अधिकाऱ्यांना चुकवून निघते, कारण तिच्या पोटात स्फोटकाची पिंपे आहेत. हे स्फोटक पाणी लागले की भडकते. बोटीवर मोजके प्रवासी आहेत. प्रत्येक जण कशापासून तरी पळतो आहे. कोणी पैसे घेऊन, कोणी जुने पाप मागे टाकून, तर कोणी दारूच्या बाटलीचा आधार धरून. पुढे वादळ आहे असे कळले तरी यांच्यापैकी कोणालाच परत फिरायचे नसते. मग व्हायचे तेच होते. बोटीला भोक पडते, पाणी आत शिरू लागते, खलाशी बंड करतात. अखेरीस बोट एका अफाट शेवाळाच्या रानात जाऊन अडकते. ते शेवाळ माणसांना धरते. तिथे झोपडीएवढा खेकडा आहे, विंचू आहे, ऑक्टोपससारखा एक प्राणी आहे. शतकांपूर्वी अडकलेल्या स्पॅनिश जहाजावरच्या लोकांचे वंशजही आहेत. शेवाळावरून चालण्यासाठी माणसे पायांत पसरट जोडे घालतात आणि खांद्यांना हवेचे फुगे बांधतात!

हा चित्रपट आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहिला. जून २०२५ मध्ये शाळा उघडल्यावर एका शनिवारी नववी-दहावीच्या मुलांना त्यातला निवडक भाग दाखवला. संपूर्ण चित्रपट मुलांनी पाहण्याजोगा नाही, हे पालकांच्या माहितीसाठी स्पष्ट सांगतो. संवाद इंग्रजी असल्यामुळे मध्ये मध्ये थांबवून आम्ही अर्थ सांगत होतो. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे इंग्रजीतून मराठीत येताना वाटेत हिंदीचे एक स्टेशन लागतेच. मुलांना त्याची सवय आहे.

खेकडा पडद्यावर आला आणि वर्ग हसून लोटपोट झाला. "सर, ह्याच्या खाली तर चाकं असतील!" एक मुलगा म्हणाला. हसण्यासारखे होतेच. पण हे प्राणी बनवण्यात रॉबर्ट मॅटी या कारागिराचा हात होता. १९५४ साली डिस्नेच्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' मधला प्रचंड स्क्विड त्यांनी घडवला आणि पुढे १९७५ साली 'जॉज' मधला शार्कही त्यांच्याच हाताखाली तयार झाला. संगणकाने चित्रे बनवण्याची सोय नसताना रबर, तारा आणि यंत्रे वापरून माणसे हे करीत. स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याचा गड उभा करताना रात्र रात्र जागलेल्या आपल्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. गड हलला तर प्रेक्षक हसतात, पण तो उभा करणाऱ्याला त्यातली प्रत्येक खिळपट्टी ठाऊक असते.

हसणे ओसरल्यावर आम्ही विज्ञानाकडे वळलो. एवढा खेकडा खरोखर असू शकेल का? जपानच्या समुद्रातल्या कोळी-खेकड्याचे पाय पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ३.७ मीटर भरतात. पण त्याला पाण्याचा आधार असतो. प्राण्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर वजन आठपट होते आणि पायांची जाडी, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ, चारपटच होते. म्हणून झोपडीएवढा खेकडा जमिनीवर आला तर स्वतःच्याच वजनाने बसेल. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात हा हिशेब मांडला होता.

आणि ते शेवाळ? ते मात्र खरे आहे. अटलांटिक महासागरात सारगासो नावाचा समुद्र आहे. त्याला कुठेही किनारा नाही. चारही बाजूंनी सागरी प्रवाहांनीच त्याची हद्द आखली आहे. १४९२ साली कोलंबस तिथून गेला तेव्हा त्याच्या खलाशांनी हे तरंगते शेवाळ पाहिले होते. द्राक्षांसारख्या लहान लहान हवेच्या पिशव्यांवर ते तरंगते. जहाजे त्यात कायमची अडकतात ही दंतकथा. त्या भागात वारा पडतो आणि शिडाची जहाजे खोळंबून राहत, हे त्यामागचे सत्य असावे. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतही हा समुद्र येतो. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न ज्यांनी आपल्या वाचनालयातून नेला आहे, त्यांना हे जग परके वाटणार नाही.

चित्रपटातले शेवाळ माणसे खाते. खरे शेवाळ पिलांना सांभाळते. कासवांची पिले, लहान मासे, खेकडे त्याच्या आडोशाने वाढतात. युरोपातल्या नद्यांमधले ईल मासे हजारो किलोमीटर पोहून याच समुद्रात अंडी घालायला येतात. आज या शेवाळात प्लॅस्टिकही अडकून राहते. ते कोणत्या राक्षसाने टाकले, हे मुलांनी न सांगताच ओळखले.

एवढे झाल्यावर तास संपायला हवा होता. तेवढ्यात रसायनशास्त्राचा प्रश्न निघाला. चित्रपटात त्या स्फोटकाला फॉस्फरसच्या नावाचे काहीतरी म्हटले आहे. एका मुलीने हात वर केला. "सर, पांढरा फॉस्फरस तर पाण्यातच ठेवतात ना? पाण्याने पेटतं ते सोडियम. ते रॉकेलमध्ये ठेवतात." अगदी बरोबर. आम्ही तिला शाबासकी दिली. ती खाली बसली नाही. तिने पुढे विचारले, "सर, आपल्या लॅबमध्ये पण सोडियम आहे ना? आणि लॅब तर टपकते."

मराठीत 'गळते' म्हणायला हवे होते. पण ते सुधारण्याची आम्हांला हिंमत झाली नाही.

प्रयोगशाळेचे छत गळते हे आम्हांला आदल्या पावसाळ्यापासून ठाऊक होते. शिक्षकांनी एकदा तोंडी सांगितले होते. ऐन पावसात दुरुस्ती नको, मग दिवाळी, मग स्नेहसंमेलनाचा खर्च, मग परीक्षा, असे करत आम्ही तो विषय विश्वस्तांपुढे मांडलाच नाही. सोडियमची बाटली लहान होती, कपाट बंद होते. पण ओल त्याच भिंतीवर उतरत होती. आम्ही वर्गाला कप्तानाची चूक समजावून सांगत होतो आणि आमच्याच बोटीच्या पोटात पिंप होते.

त्याच दुपारी रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी ती बाटली सुरक्षितपणे दुसऱ्या, कोरड्या खोलीतल्या कपाटात हलवली. सर्व रसायनांची यादी केली, मुदत संपलेली वेगळी काढली. सोमवारी आम्ही विश्वस्त मंडळाला लेखी कळवले. 'आधी कळवायला हवे होते' हे वाक्यही त्या पत्रात लिहिले. मंडळाने आठवड्याच्या आत बैठक घेतली. छतावर तूर्त ताडपत्री घातली आणि पावसाने उघडीप दिल्यावर पक्की दुरुस्ती करून घेतली. तोवर प्रयोगशाळा बंद ठेवली. प्रात्यक्षिके का थांबली असे काही पालकांनी तेव्हा विचारले होते. त्यांना आम्ही मोघम उत्तर दिले. पुरे उत्तर हे आहे.

आता तो चित्रपट आठवला की खेकडा तेवढा आठवत नाही. आठवतो तो स्पॅनिश जहाजावरचा एक मुलगा. त्या अडकलेल्या लोकांनी त्याला राजा करून सिंहासनावर बसवले आहे. पण राज्य चालवतो तो त्याच्या मागे उभा असलेला धर्माधिकारी. बाहेरचे जग किती बदलले हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. इकडे कप्तान पिंपांविषयी लपवतो, तिकडे धर्माधिकारी जगाविषयी लपवतो. मोठी माणसे लपवतात आणि किंमत बोटीवरच्या सगळ्यांनी मोजायची. साठ वर्षांपूर्वीच्या या रबरी राक्षसांच्या चित्रपटात एवढी खरी गोष्ट आहे, म्हणून आम्हांला तो आवडला. राक्षस नकली आहेत, पण माणसांच्या डोळ्यांतली भीती नकली नाही. नटांनी कुठेही थट्टेवारी केलेली नाही.

शाळेतही मुलांना आपण पुष्कळदा सिंहासनावर बसवतो. बालदिनाला त्यांना मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसवतो, टाळ्या वाजवतो. पण मुलाने छत गळते असे म्हटले तर ऐकतो का? त्या मुलीला कोणते बक्षीस द्यावे, असे आम्हांला शिक्षकांनी विचारले. तिलाच विचारले तर ती म्हणाली, "सर, बक्षीस नको. लॅब लवकर उघडा." लॅब उघडली आहे. रसायनांच्या कपाटाबाहेर आता यादी लावली आहे, आणि दर महिन्याला ती तपासून सही करण्याचे काम शिक्षकांबरोबर दहावीचे दोन विद्यार्थी करतात. पहिल्या महिन्याची एक सही तिची आहे.

पालकांना आणि विश्वस्तांना विनंती की शाळेत आलात तर ती यादी जरूर पाहावी. आणि मुलांनो, कुठे काही टपकत असेल तर सांगा. मराठीत सांगा, हिंदीत सांगा, पण सांगा.

आपले,
मुख्याध्यापक