हाक आणि हुकूम

सरकारी सेवेत उमेदीची सारी वर्षे गेल्यामुळे हुकूम म्हणजे काय, हे मला नीट ठाऊक आहे. त्यावर जावक क्रमांक असतो, तारीख असते, रुजू होण्याची मुदत असते. हाकेला यातले काहीच नसते. ती खरोखर आली की नाही, हे सांगायला साक्षीदारही नसतो. म्हणूनच आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातील मुलीने, ती परिचारिका आहे, "टांझानियातल्या मिशन रुग्णालयात जाण्याची मला देवाची हाक आली आहे" असे घरात सांगितले, तेव्हा तिची आई माझ्याकडे आली. "तुम्ही वडीलधारे, तुम्हीच समजवा तिला," एवढेच बोलून ती माउली गप्प बसली. घरात या दोघीच असतात.

समजवायचे तरी काय? या हाकेचे ऋण आम्हा बेळगावकरांवर आहे. गावच्या डॉक्टरांनी हात टेकले की "मिरजेला न्या" हे शब्द पूर्वी ठरलेलेच असत. ज्यांच्यामुळे मिरजेचे हे नाव झाले, ते डॉ. विल्यम वॉनलेस जन्माने कॅनडाचे. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली ते इकडे आले, १८९४ साली मिरजेचे रुग्णालय सुरू झाले आणि जवळजवळ चाळीस वर्षे ते येथे राबले. त्यांच्याही घरी कोणी वडीलधाऱ्याने त्यांना थोपवून धरले असते तर?

हाक कशी येते, याचे बोलके उदाहरण वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर यांचे आहे. मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यात जन्मूनही आपण या वाटेला जायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. आजारी आईसाठी त्या तिंडिवनमला आलेल्या असताना एका रात्री तीन घरची माणसे अडलेल्या बाळंतिणींसाठी मदत मागत आली. परपुरुष डॉक्टर त्यांना चालत नव्हता आणि आयडांना वैद्यकाचे शिक्षण नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया गेल्या. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. त्या लगोलग सेवेला लागल्या नाहीत; अमेरिकेत जाऊन रीतसर शिकल्या आणि १८९९ साली डॉक्टर झाल्या. १९१८ साली त्यांनी वेल्लोरला स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली आणि आपले काम इथल्याच मुलींच्या हाती दिले.

या सेवेमागे धर्मप्रसाराची इच्छाही होती, हे झाकण्यात अर्थ नाही. आपल्या जुन्या घरांतून त्याची धास्ती असे आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, कार्पेंटरबाईंच्या ख्रिस्ती घरी लेकीसारख्या राहिल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि हिंदूच राहिल्या. दोन्ही बाजूंनी आदर असला, तर घेणाऱ्याला आपली श्रद्धा गमवावी लागत नाही. परक्या मुलुखात जाणाऱ्या या मुलीनेही एवढे ध्यानात ठेवावे, असे मला वाटले.

तिला मी दोनच गोष्टी विचारल्या. "ज्या कामासाठी जाणार, ते तुला पुरते येते का? आणि तू परत आलीस, तर तिथल्या कोणाला ते शिकवून आलेली असशील का?" थोडा विचार करून ती म्हणाली, "काका, बाळंतपणाचे काम येते. भाषा येत नाही." मी म्हटले, "मग आधी भाषा शीक. दुखते कुठे, हे रोगी त्याच्याच भाषेत सांगणार."

तिच्या आईला मात्र मी काहीच समजावू शकलो नाही. हाक एकाला येते आणि तिची किंमत मागे राहणाऱ्यालाही मोजावी लागते. वॉनलेस आणि स्कडर यांच्याविषयी बोलताना आपण जाणाऱ्याचा त्याग मोजतो. दाराशी उभ्या राहिलेल्या आईचा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही. मी त्या बाईंना इतकेच म्हटले, "तुमचे दुःख खरे आहे आणि तिची ओढही खरी आहे. यातले काही खोटे ठरवायला मला सांगू नका."

आता ती मुलगी संध्याकाळी स्वाहिली शिकत बसते. परवा मी गेलो तेव्हा आई भाजी निवडता निवडता विचारत होती, "औषधाला काय म्हणतात गं तिकडे?"

"दवाच म्हणतात," ती म्हणाली.

बाईंनी हातातली जुडी खाली ठेवली आणि पुढचा शब्द विचारला.