शिंकेच्या आधी

प्रिय नंदे,

परवा फोनवर हसता हसता "थांब गं, आलेच" म्हणून पळालीस ना, तेव्हाच मी ओळखलं. अगं, माझंही चार वर्षं तेच चाललं होतं. शिंक, खोकला, पाण्याची बादली आणि तुझे विनोद, सगळ्यांनी वैर धरलेलं. एसटीने कोल्हापूरला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. भाचीच्या हळदीला सगळ्या नाचल्या आणि मी गुडघ्याचं निमित्त सांगून खुर्चीला चिकटले. गुडघे ठणठणीत आहेत गं माझे!

शेवटी गेले एकदाची. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासून जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केली आणि फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. मला वाटायचं तिथे कंबर शेकतात, मान ओढतात. इथे त्या काय करणार?

मुलगी माझ्या सुनेच्या वयाची. प्लॅस्टिकचा सांगाडा पुढ्यात ठेवून तिने दाखवलं: पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते आणि मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्या आधाराने असतात. बाळंतपणं, वर्षानुवर्षांचं कुंथणं, जुनाट खोकला यांनी ती सैल पडते. मग पोटात दाब वाढला की मूत्रमार्ग घट्ट मिटत नाही.

"आवळून दाखवा," म्हणाली. मी पोट आत, श्वास कोंडलेला, नितंब दगड! तिने आधी विचारलं, नको म्हणायची मुभाही दिली, मग हातमोजा घालून बोटाने आतून तपासलं. मेल्याहून मेल्यासारखं होईल वाटलं होतं, पण दोन मिनिटांत संपलं. आणि काय म्हणावं तिने? "काकू, तुम्ही वर ओढत नाही, खाली ढकलताय." मोबाईलवर बघून वर्षभर इमानेइतबारे व्यायाम केला होता मी, तो सगळा उलटा!

म्हणून तुला सांगते, कुणाला तरी एकदा दाखवच. या व्यायामांना ज्यांचं नाव आहे त्या अमेरिकेच्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली त्यावर लिहिलं, तेव्हाही सोबत आवळण्याचा जोर मोजायचं यंत्र होतंच. नुसतं 'आवळा' म्हणून भागत नाही, हे त्यांनाही कळलं असणार.

गॅस सुटू नये म्हणून आवळतो ना, तसं मागून सुरू करून पुढे आणायचं आणि आत वर उचलायचं. श्वास चालू ठेवायचा. एका वेळी निदान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने. मला आधी ३ सेकंदही धरवत नव्हतं, आता १० पर्यंत जाते. दर वेळी पूर्ण सोडायचंही असतं, तेच मी विसरायचे. आणि लघवी करताना धार तोडून सराव करू नकोस हं.

खरी गंमत शिंकेची. नाकात हुळहुळलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. एवढंच! पण ते क्षणभर आधी सुचायला महिना गेला.

तुझं मात्र थोडं निराळं वाटतं. कुलपात किल्ली घालताच तुला घाई होते म्हणालीस ना, ती मूत्राशयाची घाई. त्यासाठी तीन दिवस किती प्यायलीस, कधी गेलीस, हे वहीत लिहायचं आणि जाण्यातलं अंतर हळूहळू वाढवायचं. तुझे ते पाच कप चहाही कमी कर, पण पाणी तोडू नकोस. जळजळ झाली किंवा लाल दिसलं, तर व्यायामबियाम राहू दे, आधी डॉक्टर गाठ.

काल मिरच्या भाजताना मला सलग चार शिंका आल्या. तीन कोरड्या गेल्या. चौथीच्या वेळी दारावर बेल वाजली आणि मी आवळायचं विसरले.

वही सुरू कर. आणि कळव.

तुझी,
शालू