हातचा एक

परवा लेकीचा गणिताचा पेपर हाती आला. पंचवीसपैकी सात! सातवीतली पोर. दप्तर सोफ्यावर टाकून म्हणाली, "आई, मला मॅथ्स येतच नाही. मी ढच आहे." माझ्या काळजात चर्र झालं. शाळेत असताना मीही हेच म्हणत असे आणि पुढे जन्मभर आकड्यांना घाबरत आले.

रागावणं सोपं होतं. पण आता नोएडात राहत असले तरी माझं माहेर नाशिकचं. त्यामुळे जवळच्या देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवले. १९३० ते १९६२ पर्यंत ते तिथे शाळामास्तर होते आणि आयुष्यभर अंकांशी खेळत राहिले. त्यांनी शोधलेल्या ६१७४ या संख्येला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

मी म्हटलं, "पेपर राहू दे. ओळीनं नऊ वेळा १ लिही आणि त्या संख्येला त्याच संख्येनं गुण." तिनं लगेच मोबाइल घेतला, पण त्याच्या पडद्यावर उत्तर पूर्ण मावेना. मग निघाली वही. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज करता करता तिचे डोळे मोठे झाले. १२३४५६७८९८७६५४३२१!

"आई, हा तर डोंगर! नऊपर्यंत चढला आणि उतरला."

अशा संख्यांना कापरेकरांनी 'डेम्लो' म्हटलं. डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून. तिथेच त्यांना ही कल्पना सुचली होती. मग आम्ही त्या डोंगराच्या सगळ्या अंकांची बेरीज केली. आली ८१. आणि ८१ नं त्या सतरा अंकी संख्येला भागलं, तर बाकी शून्य! आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी नाव दिलं 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी.

"आणि दहा वेळा १ घेतला तर?" हा प्रश्न तिचाच. पुन्हा ओळी मांडल्या. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. डोंगराचं शिखरच ढासळलं. मला वाटलं, आता ही हिरमुसणार, 'बघ, मला येतच नाही' म्हणणार. पण ती पेन्सिल चावत मधल्या रकान्याकडे बघत राहिली.

"चुकलं नाही गं, आई. मधली बेरीज दहा झाली, म्हणून हातचा आला. तोच पुढे गेला."

स्वयंपाकाला उशीर झाला होता. मी उठून कणीक मळायला घेतली. थोड्या वेळानं पाहिलं, तर तिनं तो सात मार्कांचा पेपर स्वतःहून दप्तरातून काढला होता आणि तांबड्या फुल्या एकेक करून तपासत होती.

"आई, यातलं कुठलं का चुकलं, ते बघते."

तिच्या शेजारची खुर्ची मीही ओढून घेतली. म्हटलं, मलाही दाखव.