मलबेरी स्ट्रीटवरचे खिम्याचे गोळे

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याच काळात त्याच शहराच्या दक्षिण भागात, मलबेरी स्ट्रीटच्या दाटीवाटीच्या चाळींत, इटलीहून आलेली हजारो गरीब कुटुंबे दिवस काढत होती. त्यांच्या घरचा एक पदार्थ आज जगभर विकला जातो. तो म्हणजे मीटबॉल, अर्थात खिम्याचे गोळे.

१८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. बहुतेक दक्षिण इटलीतले कष्टकरी. गावाकडे त्यांना मांस सणावारीच दिसे. थोडक्या मांसात सगळे घर जेवावे म्हणून बायका त्यात शिळा पाव भिजवून घालत आणि अंडे, किसलेले चीज मिसळून लहान गोळे वळत. त्यांना तिकडे ‘पोल्पेत्ते’ म्हणतात. आब्रुत्सो प्रांतात तर मांसाशिवाय, नुसत्या पाव, चीज आणि अंड्यांचे गोळे टोमॅटोच्या रश्श्यात सोडतात.

न्यूयॉर्कला हाती मजुरी आली, मांस परवडू लागले, तसे गोळे मोठे झाले आणि शेवयांसारख्या स्पॅगेटीवर जाऊन बसले. ही जोडी अमेरिकेतच रुजली.

पण राहणे हलाखीचे होते. जेकब रीस या पत्रकाराने १८९० साली पुस्तक लिहून तिथल्या अंधाऱ्या खोल्या जगापुढे मांडल्या. पुढे मलबेरी बेंडची घरे पाडून १८९७ साली तिथे बाग झाली. इटालियनांना लसणाच्या वासावरून हिणवले जाई. आज त्याच रस्त्यावर लोक पैसे मोजून तोच लसूण खातात. १९२६ साली सुरू झालेली सान जेनारोची जत्रा दर सप्टेंबरात भरते. इटालियन वस्ती मात्र आता थोडीच उरली आहे.

असे गोळे देशोदेशी आहेत. तुर्कस्तानात कोफ्ते, स्वीडनमध्ये साईच्या रश्श्यातले छोटे गोळे, चीनमध्ये ‘सिंहाचे डोके’ नावाचे मोठे गोळे. ‘कोफ्ता’ हा शब्दच फारसीतल्या ‘कुटणे’ या क्रियापदावरून आला.

आपल्या वजडी, रक्ती, चान्यांनाही अशीच नावे ठेवली गेली. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात त्या ताटाची नोंद केली आहे. पदार्थ हलका नसतो. माणसाला हलके ठरवले की त्याचे ताटही हलके ठरते. आपल्या मुलांना डबा उघडताना लाज वाटू नये, यासाठी ही गोष्ट त्यांना सांगावी.

भगिनींनी व बंधूंनीही हे गोळे घरी करून पाहावेत. अर्धा किलो खिम्याला दोन शिळे पाव दुधात भिजवून, पिळून घ्यावेत. एक अंडे, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, मिरपूड व मीठ घालून हलक्या हाताने कालवावे. दाबून मळल्यास गोळे घट्ट होतात. लिंबाएवढे गोळे तेलात लालसर परतावेत. त्याच तेलात लसूण व अर्धा किलो टोमॅटोचा गर शिजवून गोळे त्यात सोडावेत आणि मंद आचेवर अर्धा तास झाकण ठेवावे. स्पॅगेटी नसली तरी बिघडत नाही. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर हा रस्सा छान लागतो.